बोकडवाली शीतल

बारा चिठ्ठ्या होत्या. अकरांवर ‘दोन पाठी’ लिहिलेलं होतं आणि एकीवर ‘एक पाठ, एक बोकड’. करंजपाणीच्या समाजमंदिरात बारा मुली भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि नेमकी ती एक चिठ्ठी शीतलच्या हाताला लागली.

शीतल लखन पावरा तेव्हा सतरा वर्षांची होती. खाली गावातल्या कॉलेजात अकरावी कला शाखेला जायची. एका सामाजिक संस्थेनं पाड्यावरच्या मुलींसाठी दोन गोष्टी आणल्या होत्या, शिवणकाम आणि शेळीपालन. शीतलला शिवणकाम हवं होतं, पण ती नाव द्यायला पोचली तोवर मशिनी संपल्या होत्या. मग बकऱ्या तर बकऱ्या, असं म्हणून ती बसली. घरी आईच्या चार बकऱ्या होत्याच. दोन पाठी, म्हणजे तरण्या बकऱ्या, मिळाल्या तर त्यांच्यातच सोडून देऊ, हा तिचा हिशेब. त्यात बोकड कुठे बसत नव्हता.

“कोणी बदलून घेता का गं?” तिनं विचारलं.

कोणी वर पाहिलं नाही. पाठ वाढते, विते, दूध देते. बोकड नुसता खातो आणि घाण वास मारतो. चार महिन्यांत विकून टाकावा तर नियम आडवा येत होता: प्रकल्पाचं जनावर दोन वर्षं विकायचं नाही, स्वतः सांभाळायचं, दर महिन्याला ताणकाट्याला लटकवून वजन वहीत लिहायचं, आणि जळगावच्या प्रदर्शनात घेऊन यायचं. संस्थेकडून हे सगळं बघणारे प्रेमराज सर धुळ्याकडचे होते. मोटारसायकलवर औषधांची पेटी बांधून ते पंधरा दिवसांनी पाड्यावर यायचे.

“सर, मी पोरगी आहे. बोकड घेऊन मी काय करू?” शीतल म्हणाली.

“पाड्यावर धड बोकड एकही नाही. तुझ्याकडे असेल. हेच करायचं,” सर म्हणाले, आणि पिलाच्या कानातला बिल्ला तपासून त्यांनी दोरी तिच्या हातात दिली. चिठ्ठीतली पाठ घरी आईच्या बकऱ्यांत मिसळून गेली; उरला बोकड.

पिल्लू पाच महिन्यांचं, उस्मानाबादी जातीचं, काळंभोर, लांब कानांचं. वहीत ‘जनावराचे नाव’ असा एक रकाना होता. आई चमेलीबाई म्हणाली, जे जनावर उद्या जायचं आहे त्याला नाव ठेवू नये, जीव अडकतो. शीतलनं रकान्यात नुसतं ‘काळा’ लिहिलं आणि वही बंद केली.

करंजपाणी हा साठ-सत्तर घरांचा पाडा, चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या अगदी पायाशी. पावसावर ज्वारी-मका, थोडा कापूस. उन्हाळ्यात मोहाची फुलं, डिंक, चारोळी. उरलेल्या दिवसांत माणसं खाली केळीच्या बागांत मजुरीला जातात. बकऱ्या प्रत्येक घरी, पण त्यांच्याकडे कोणी फारसं लक्ष देत नाही. सकाळी सोडायच्या, संध्याकाळी मोजायच्या. सगळ्यात मोठा कळप भुरा आबांचा, तीस-पस्तीस बकऱ्यांचा. त्यांचा एक तांबडा बोकड होता, त्याच कळपात जन्मलेला, आणि त्याचा बापही त्याच कळपातला. पाड्यावरच्या बहुतेक बकऱ्या त्या तांबड्यापासूनच गाभण राहायच्या. करडं लहान जन्मायची, थंडीत निम्मी मरायची. लोक म्हणायचे, बकरीचं असंच असतं.

भुरा आबांनी शीतलचं पिल्लू पाहिलं, कान धरून उचललं, पाय चाचपले आणि खाली ठेवलं. “हे खालचं जनावर. डोंगर चढणार नाही. पावसाळ्यात मरेल,” ते म्हणाले. रागानं नाही, हवामान सांगावं तसं.

पिल्लू मेलं नाही. शीतलनं त्याला वेळेवर लस टोचून घेतली, जंताचं औषध पाजलं, घरामागे बांबूच्या फळ्यांचा उंच ओटा करून त्यावर कोरड्यात ठेवलं. पहिले दोन महिने तिनं हे सर रागावतील म्हणून केलं. पुढे दर महिन्याला काट्यावरचा आकडा वाढायला लागला, तशी तिला त्या आकड्याची गोडी लागली. शेवगा, सुबाभूळ, बाभळीच्या शेंगा झाल्याच, वर ती त्याला रोज ओंजळ-दोन ओंजळी मका घालायची. सरांनी सांगितलं होतं ओंजळभर. पण मैत्रिणींच्या पाठींपेक्षा आपला बोकड उठून दिसला पाहिजे, जळगावला लोकांनी वळून पाहिलं पाहिजे, असं आता तिला वाटायला लागलं होतं. वर्षाचा झाला तेव्हा काळा पिंपासारखा गोल आणि चकचकीत दिसत होता.

आषाढात बकऱ्या माजावर यायला लागल्या. सरांनी पाड्यावर सांगितलं होतं, या बोकडाची करडं मोठी होतील, जुळी होतील. शीतलच्या दारात माणसं बकऱ्या घेऊन आली. पहिल्या पंधरा दिवसांत अकरा बकऱ्या लावून झाल्या. शीतल कोणाची बकरी, कोणत्या तारखेला, हे वहीत लिहायची. हे सांगायला-लिहायला पाड्यावर कोणालाच काही वाटलं नाही. जनावर आहे, ते त्याचं काम करतं.

एकवीस दिवसांनी अकरांपैकी सात बकऱ्या पुन्हा ओरडायला लागल्या. सात उलटल्या. म्हणजे काळा त्यांच्या कामाला आलाच नव्हता.

बातमी संध्याकाळपर्यंत पाडाभर झाली. “बोकड कसला, देखावा आहे,” लोक म्हणाले आणि उलटलेल्या बकऱ्या घेऊन मुकाट्यानं भुरा आबांच्या तांबड्याकडे गेले. आबा हसलेही नाहीत, आणि शीतलला ते जास्त लागलं.

प्रेमराज सर आले. त्यांनी काळ्याच्या बरगड्यांवर हात दाबला. बरगड्या लागेचनात.

“किती मका घालतेस?”

शीतल काळ्याच्या पाठीवरचा काडीकचरा झटकत राहिली.

“खरं सांग.”

“दोन ओंजळी. कधी तीन.”

“अगं, प्रदर्शनासाठी फुगवलंस तू त्याला. चरबी चढलीय. हा उडी मारतो, दमतो, खाली उतरतो. पोळ्याचा बैल नाही हा, नुसता सजवून उभा करायला.” सरांनी पेटी बंद केली. “मका बंद. आणि त्याला चालव. रोज.”

चालवायचं कुठे? डोंगर एकच, आणि डोंगरात कळप घेऊन जाणारे भुरा आबा. शीतल दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांच्या कुडापाशी काळ्याला दोरीनं धरून उभी राहिली. कॉलेज दुपारचं होतं, सकाळ मोकळी होती.

“आबा, मी येऊ का तुमच्यासोबत?”

आबांनी काळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “दोरीनं धरून डोंगर चढवणार? सोड त्याला. येईल तर येईल.”

पहिल्या दिवशी काळा पहिल्याच चढावर बसला. धाप लागलेली, जीभ बाहेर. शीतल त्याच्याजवळ दगडावर बसून राहिली आणि कळप दिसेनासा झाला. तिसऱ्या दिवशी तो अर्ध्यापर्यंत गेला. आठव्या दिवशी ओढ्यापलीकडे. महिन्याभरानं काट्यावरचा आकडा सात किलोंनी उतरला. आधी ती आकडा वाढला की खूश व्हायची. आता तो उतरलेला पाहून तिनं आनंदानं सरांना फोन लावला. काळा आता चढावर दोन पायांवर उभा राहून अंजनाची पानं ओरबाडायचा, आणि उतरताना कळपाच्या पुढे असायचा. आबांनीच एक दिवस त्याला हाक मारली, “ए डोंगऱ्या!” शीतलनं वहीतलं ‘काळा’ खोडलं आणि वर ‘डोंगऱ्या’ लिहिलं.

या चालण्यात तिला आबांच्या कळपाची ओळख झाली. कोणती बकरी कोणाची लेक, कोणती कोणाची बहीण, हे आबांना तोंडपाठ होतं. ती विचारत गेली आणि त्यांच्या बोलण्यातून एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. पण वडीलधाऱ्या माणसाला ती कशी सांगायची? दोन दिवस तिनं शब्द जुळवले. मग ओढ्यावर पाणी पिताना म्हणाली, “आबा, आपल्यात एकाच कुळात लग्न लावतात का?”

“कसं लावतील? भाऊ-बहीण होतात ते.”

“मग तांबड्याच्या खाली ज्या बकऱ्या जातात, त्या त्याच्या कोण?”

आबांनी ओंजळीतलं पाणी सोडलं. कळपावरून एकदा नजर फिरवली. “लेकी,” ते म्हणाले. “काही तर लेकीच्या लेकी.”

आणि त्यांनी कळप पुढे हाकला. पण पुढच्या खेपेला प्रेमराज सर आले तेव्हा भुरा आबा तांबड्याला घेऊन स्वतः समाजमंदिरापाशी आले आणि म्हणाले, “याला खच्ची करून टाका.” आणि संध्याकाळी त्यांनी माजावर आलेली एक बकरी शीतलच्या दारात आणली. आबांनी आणली म्हटल्यावर पाड्याचा प्रश्नच मिटला. भाद्रपद-आश्विनात अडतीस बकऱ्या डोंगऱ्याकडे आल्या आणि उलटल्या फक्त चार.

सरांचा नियम होता, दिवसाला दोनपेक्षा जास्त बकऱ्या नाहीत. शीतल तो पाळायची. कोणी तिसरी घेऊन आला तर “उद्या या” म्हणायची, मग तो वयानं कितीही मोठा असो. शेजारच्या दोन पाड्यांवरूनही लोक यायला लागले.

अडचण पाड्यावर नव्हती, खाली होती. माजावर आलेला बोकड स्वतःच्याच दाढीवर मुततो आणि त्याचा वास दोरी धरणाऱ्याच्या हाताला, ओढणीला, केसांना चिकटतो. साबणानं जात नाही. कॉलेजात शीतलच्या बाकावरची मुलगी उठून मागे बसायला लागली. कारण कळल्यावर मुलांनी नाव पाडलं: बोकडवाली. ती दारातून आत आली की मागच्या बाकावरून कोणीतरी ‘ब्या’ करायचं. हे ‘ब्या’ वासाचं नव्हतं, हे तिला कळत होतं. बोकड काय काम करतो ते सगळ्यांना माहीत होतं, आणि ते एक मुलगी उघड्यावर करून घेते यात त्यांना गंमत होती. महिनाभर ती लिंबानं हात घासून कॉलेजात गेली. नंतर घासायची सोडली.

दिवाळीला भाऊ आला. जगदीश तिच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, तिथंच चौघांत खोली करून राहायचा. या वेळी त्यानं कारखान्यातला एक मित्रही सोबत आणला होता, डोंगर बघायला. दोघं अंगणात खाटेवर बसले होते, आणि नेमका तेव्हाच शेजारच्या पाड्यावरचा एक माणूस बकरी घेऊन आला.

शीतलनं नेहमीप्रमाणे डोंगऱ्याला सोडून आणलं. काम झालं. तिनं वही काढली, तारीख लिहिली, त्या माणसाला म्हणाली, “एकवीस दिवस लक्ष ठेवा. पुन्हा ओरडली तर घेऊन या.”

मित्र खाली बघून हसत होता. जगदीशचे कान लाल झाले होते.

मित्र ओढ्याकडे गेल्यावर तो आईपुढे उभा राहिला. “हे काय चालवलंय घरात? लग्नाची पोरगी आणि दारात बोकड लावायला माणसं येतात! तिथं चार लोकांत मी काय सांगू? संस्थेला परत द्या तो बोकड.”

वडील लखन मक्याची कणसं सोलत होते, ते सोलतच राहिले. शीतल चुलीपाशी होती. तिला वाटलं, आता आई म्हणेल, दे परत. आईला भावाचं सगळं पटतं.

चमेलीबाईनं हातातली कोंबडीची टोपली खाली ठेवली. “तू झालास तेव्हा मला ताप होता. दूध आटलं. तुला सहा महिने बकरीच्या दुधावर वाढवला. ती बकरी गाभण कशी राहिली, तिच्या गळ्यातली दोरी कोणी धरली होती, ते कधी विचारलंस का?”

“ते वेगळं.”

“कसं वेगळं? मीच धरली होती. तेव्हा कोणी हसलं नाही. हसायचं तू नरडाण्यात शिकलास.”

जगदीश ओढ्याकडे चालता झाला. दुसऱ्याच दिवशी मित्राला घेऊन निघून गेला, दोन दिवस आधीच. जाताना शीतलशी बोलला नाही. तिला वाईट वाटलं, पण बोकड परत देण्याइतकं नाही. तो गेल्यावर तिनं आईला विचारलं, “तू खरंच दोरी धरली होतीस?”

“नाही तर कोण? तुझा बाप तेव्हा गुजरातला कामाला होता,” चमेलीबाई म्हणाली आणि कोंबड्या कोंडायला गेली.

आषाढातल्या चार बकऱ्या मार्गशीर्षातच व्याल्या होत्या; माघात बाकीच्यांना करडं व्हायला लागली. भुरा आबांच्या पहिल्या बकरीला दोन झाली, दोन्ही काळी, जन्मतः उभी राहणारी. थंडी होती, पण त्या महिन्यात पाड्यावर करडं पुरायची वेळ फक्त तीन घरांवर आली. आदल्या वर्षी घरटी एक तरी पुरलं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी प्रदर्शन होतं, जळगावला, मेहरूण तलावाजवळच्या मैदानावर. गाडीत मावतील तेवढ्याच, म्हणजे पाड्यावरून सहा मुली, सहा पाठी आणि एक बोकड निघाले. गाडी लोटन नानांची, खालच्या गावातली पिकअप. नानांनी डोंगऱ्याला बघून नाकाला रुमाल लावला. “हाई बोकड शे का घोडा? मनी गाडीना वास आठ दिन जावाव नही, सांगी ठेवस!” पण वाटेत दोनदा गाडी थांबवून त्याला पाणी पाजायला सांगितलं ते नानांनीच.

मैदानावर मांडव, लोखंडी जाळ्यांचे कप्पे, भोंगा. बोकडांच्या गटात चौदा जनावरं होती. तेरांच्या दोऱ्या मुलांच्या हातात असतील अशी शीतलची समजूत. पण पलीकडच्या कप्प्यात एक मुलगी होती, जीन्समधली, तिच्याच वयाची. तिचा बोकडही उस्मानाबादी, काळा, पण असा भरलेला की शीतलला आपला आषाढातला काळा आठवला. अंगाला तेल चोळून चमकवलेला. त्याच्यापुढे डोंगऱ्या हडकुळा दिसत होता. गुडघ्यांवर डोंगरातले ओरखडे, एका कानाला काट्यानं पडलेली चीर.

“माझी मयुरी,” त्या मुलीजवळ उभे असलेले धोतर-टोपीतले म्हातारे कोणालातरी सांगत होते. “मुक्ताईनगरकळचे आम्ही. केळीवाले. पोरीनं हट्ट केला, बोकळ पाळला.” ते मयुरीचे आजोबा, शालिग्राम नाना.

परीक्षक एक निवृत्त पशुवैद्यक होते, जाड चष्म्याचे, मितभाषी. एकेक जनावर चालवून घ्यायचे, चारी पायांवर सरळ उभं करायला लावायचे, ओठ वर करून दात पाहायचे, पाठीवरून हात फिरवायचे. डोंगऱ्याचे दात पाहून म्हणाले, “दोन दाती. पुढची जोडी निघतेय. वीस महिने?”

“हो.”

“चालव.”

ती चालली. डोंगऱ्या मान वर करून तिच्या डाव्या हाताशी चालला. परीक्षकांनी खुरं उचलून पाहिली, आणि इतरांना विचारला होता तोच प्रश्न तिलाही विचारला, “पैदाशीचं काय?”

इतरांनी ‘चांगली आहे’, ‘चार-पाच’ अशी उत्तरं दिली होती. जाळीला लागून माणसांची गर्दी होती. त्यात तिच्या कॉलेजातली तीन मुलंही होती. त्यांना बघताच तिनं दोरी आखडून धरली. कोणीतरी हळूच ‘ब्या’ केलं आणि जाळीपाशी हशा पिकला.

शीतलनं वही उघडली. ती न उघडताही तिला सगळं पाठ होतं, पण डोळे कुठेतरी ठेवायला हवे होते.

“आषाढात अकरा बकऱ्या लावल्या, सात उलटल्या,” तिनं वाचलं. “चूक माझी होती. मका जास्त घातला, बोकड जड झाला. मग मका बंद केला आणि डोंगरात चालवला. भाद्रपद-आश्विनात अडतीस लावल्या, चार उलटल्या. आजपर्यंत एकोणीस व्याल्या. अकरा जणींना जुळी. तीस करडांपैकी सत्तावीस जगली.”

पुन्हा हशा आला, पण या वेळी अर्ध्यातच थांबला. जाळीला टेकलेली बरीच माणसं शेळ्या पाळणारीच होती. तीसमधली सत्तावीस म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं.

“वही बघू,” परीक्षक म्हणाले. उभ्या उभ्या त्यांनी चार पानं उलटली. “उलटलेल्या कोणी लिहीत नाही,” ते पुटपुटले आणि पुढच्या बोकडाकडे गेले.

निकाल दुपारी लागला. पहिला मयुरीचा बोकड. दुसरा पाचोऱ्याकडचा. डोंगऱ्या तिसरा. वजनात आणि अंगभरणीत त्याचे गुण गेले होते. शीतलला एक प्रमाणपत्र आणि स्टीलचा डबा मिळाला. तिसरा नंबर ऐकून तिला आधी वाईट वाटलं, मग पुन्हा पहिल्या बोकडाकडे बघितलं आणि वाटलं, दिसायला तो चांगला आहेच, खोटं कशाला बोला.

ती डोंगऱ्याला पाणी पाजत होती तेव्हा मयुरी आली. गळ्यात फीत, हातात चषक, पण चेहरा पहिल्या नंबरासारखा नव्हता.

“तू मघाशी म्हणालीस ना, जड झाला होता म्हणून उलटल्या. माझाही तसाच करतो. आमच्या आठ शेळ्यांपैकी दोनच गाभण राहिल्या. घरचे म्हणतात शेळ्यांतच खोट.”

“काय घालतेस?”

“मका, सरकीची ढेप, केळी. आजोबा रोज दोन डझन केळी घालतात लाडानं.”

शीतल हसली. सकाळपासून पहिल्यांदा. “केळी आजोबांनाच खाऊ दे.”

शालिग्राम नाना मागे येऊन उभे राहिले होते. रागावतील असं वाटलं, पण ते डोंगऱ्याच्या पायांकडेच बघत होते. “पोरी, हा तुह्या डोंगरात किती दिस ठेवनार तू? यंदाच्या पाठी दिवाळीले माजावर येतील. मंग हा त्याहिचा बापच व्हयना.”

तो प्रश्न शीतल महिनाभर मनात घोळवत होती. आबांना कुळाचं सांगून तिनं तांबड्याला खच्ची करायला लावलं होतं; आता तीच वेळ डोंगऱ्यावर येणार होती. प्रकल्पाचं जनावर विकता येत नाही, पण बदली करता येते का, हे तिनं सरांना विचारूनही ठेवलं होतं. बदलीला चालत होतं, फक्त रक्त वेगळं पाहिजे. मयुरीचा बोकड मराठवाड्यातल्या दुसऱ्याच कळपातला होता.

“अदलाबदल कराल का नाना?” तिनं विचारलं.

म्हातारे चकित झाले. “पैल्या नंबरचा तिसऱ्याच्या बदल्यात?”

“आजोबा,” मयुरी म्हणाली, “पहिला नंबर घरात फोटोला ठेवू. गोठ्यात काम करणारा पाहिजे.”

ठरायला मे महिना उजाडला, कारण होळीच्या आधी आदिवासींचे जत्रेसारखे भोंगऱ्या बाजार होते आणि नंतर दोघींच्या परीक्षा. मे महिन्यात उन्हं तापायच्या आत यावलला, रस्त्याकडेच्या निंबाखाली, दोन गाड्या समोरासमोर उभ्या राहिल्या. एकीत लोटन नाना, शीतल, चमेलीबाई आणि भुरा आबा. आबांना कोणी बोलावलं नव्हतं. ते पहाटे गाडीत येऊन बसले होते. दुसरीत मयुरी आणि शालिग्राम नाना.

शीतलनं डोंगऱ्याची दोरी मयुरीच्या हातात दिली. काय काय सांगायचं ते तिनं कागदावर लिहून आणलं होतं: दिवसाला दोनच, मका ओंजळभर, खुरं दोन महिन्यांनी कापायची, सकाळी चालवायचं. “आमच्याकडे डोंगर नाही,” मयुरी म्हणाली.

“बांधानं चालव. केळीच्या बागेला दोन फेऱ्या.”

डोंगऱ्या गाडीत चढायला तयार नव्हता. पुढचे पाय रोवून उभा राहिला. शेवटी भुरा आबा पुढे झाले, त्याच्या मानेवर थाप मारून पावरी बोलीत काहीतरी म्हणाले, आणि तो चढला. शीतल गाडी वळेपर्यंत बघत राहिली. ती रडली, फार नाही. चमेलीबाईनं तिला नावाबद्दल बोलून दाखवलं नाही. फक्त पदरानं तिचं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं.

मयुरीचा बोकड करंजपाणीला पहिल्या चढावर बसला. शीतलला त्याची सवय होती. तिनं डबा सोबत घेतला, दगडावर बसून भाकर खाल्ली आणि त्याला उठायला वेळ दिला. जून संपेपर्यंत तो ओढा ओलांडत होता.

श्रावणात एके दुपारी जगदीशचा फोन आला. दिवाळीनंतर तो आला होता, बोलला होता, पण बोकडाचा विषय दोघांनीही काढला नव्हता.

“माझ्यासोबत एक जण काम करतो, शिंदखेड्याकडचा. त्याच्या घरी शेळ्या आहेत. बोकड किती महिन्यांचा झाल्यावर लावावा, विचारतोय.”

“वर्षाचा झाल्यावर. आणि वजन बघून,” शीतल म्हणाली. “त्याला दे ना फोन.”

“थांब,” जगदीश म्हणाला, आणि मग यंत्रांच्या आवाजात तिला त्याचं ओरडणं ऐकू आलं, “अरे ये इकडे, बहीण आहे माझी, तिला सगळं माहीत आहे.”

शीतल आता वीस वर्षांची आहे. बारावी झाली, बी.ए. बाहेरून करते आहे. पाच पाड्यांवर लस टोचायला सरांसोबत जाते, अलीकडे एकटीही जाते. कॉलेजातल्या त्या तिघांपैकी एकाच्या घरून मागच्या महिन्यात निरोप आला, शेळी अडलीय, ये. ती गेली, करडाचा मुडपलेला पाय सरळ केला आणि शेळी सुटली. तो मुलगा पाणी गरम करून देत होता. काय हाक मारावी ते त्याला सुचत नव्हतं, म्हणून तो तिला ‘ताई’ म्हणाला. तिनं हात धुतले, वहीत नोंद केली आणि शेळीला दोन दिवस मका-दाणा घालू नका असं त्याच्या आईला बजावून ती पुढच्या पाड्याच्या वाटेला लागली.